डाव्या मनगटावरची फीत

तमाम नागरिक बंधू-भगिनींना, पंचक्रोशीतील धावपटूंना, तसेच केवळ चहासाठी थांबलेल्या सज्जनांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, हिंगोलीहून नरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शर्यतीच्या एकोणिसाव्या किलोमीटरला, भर सकाळी जो खून झाला, तो मी केला आहे. कुणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत आणि दोनदा नाश्ता करून केला आहे. मयत इसम त्या वेळी पहिल्या क्रमांकाने धावत होता. त्याला मी ग्लुकोजच्या पाण्यातून विष पाजलं. तेव्हा माझ्या वहीची बहात्तर पानं लिहून झाली होती.

ही भाषा माझ्या धंद्याची आहे. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. वारसाची नोंद, बांधाचं भांडण, हरवलेलं रेशनकार्ड. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तरी मेहेरबानांनी' या तीन शब्दांवर माझं घर उभं आहे. पण वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या रविवारी, मला माझं खरं रूप सापडतं. त्या दिवशी आमच्याकडे एकवीस किलोमीटरची धावण्याची शर्यत असते आणि तिचा माईक माझ्या हातात असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी असतात, महागडं घड्याळ घातलेले दोन-तीन डॉक्टर असतात, बायकोने वजनावरून टोमणा मारला म्हणून आलेला एखादा हळदीचा व्यापारी असतो. मी मांडवात उभा राहून या सगळ्यांना वीर, झुंजार आणि वाऱ्याची लेकरं ठरवतो. व्यापारी साडेतीन तासांनी आला तरी मी त्याला 'संयमाचा पुतळा' म्हणतो. लोक हसतात. मला लोकांनी हसलेलं फार आवडतं, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

या शर्यतीशी वीस-बावीस वर्षं जोडलेला एक माणूस होता, ज्याने तिचा शेवट एकदाही पाहिला नाही. तो माझा मित्र. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. पुढे तो शाळेत खेळाचा मास्तर झाला. सगळा जिल्हा त्याला सर म्हणायचा, मी एकटा मास्तर म्हणायचो. शर्यत जिथून सुटते तिथेच संपते. साडेदहा किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. त्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, एक रिकामा ड्रम ठेवलेला असे आणि ड्रमाला लागून मास्तर. शेवटचा धावपटू वळून जाईपर्यंत तो जागचा हलत नसे. मग ड्रम टेम्पोत टाकून इकडे येईपर्यंत बक्षिसं वाटून झालेली, मांडव उतरवायला घेतलेला आणि उप्पीट संपलेलं असे.

वळणावर त्याचं काम एकच. जो खरोखर तिथपर्यंत आला त्याच्या मनगटात फीत सरकवायची. कापडाची, आत इलॅस्टिक घातलेली, बांगडीसारखी फीत. ती हातात नसेल तर शेवटची रेघ ओलांडूनही तुम्ही मोजले जात नाही. पोरं रस्त्याच्या डाव्या कडेने येत आणि ड्रम उजव्या हाताला ठेवून वळत. त्यामुळे मास्तरकडे येणारा हात कायम उजवा. धावणाऱ्याला न थांबवता, पायाची लय न मोडता तो अशी फीत चढवायचा, की पुढे गेल्यावर कळायचं, अरे, हातात आलीसुद्धा.

फिती वहिनी शिवायच्या. मास्तरची बायको घरी ब्लाउज शिवते, मशीन दारातच. सुरुवातीच्या एका वर्षी एक पठ्ठ्या पाचव्या किलोमीटरला तुरीच्या शेतात शिरला, खिशातून आणलेली, तेव्हा दरवर्षीच असायची तशी लाल फीत हातात चढवली आणि परतणाऱ्या पोरांत मिसळून ताजातवाना धावत आला. तो पकडला गेला तो त्याच्या अंगावर घाम नव्हता म्हणून. तेव्हापासून फितीचा रंग गुपित झाला. वहिनी तीन रंगांचं कापड आणायच्या, फिती एकाच रंगाच्या शिवायच्या आणि उरलेल्या दोन रंगांच्या पिशव्या करून शेजारणींना द्यायच्या. कोणता रंग, हे फक्त त्या दोघांना माहीत असायचं.

मी दरवर्षी प्रयत्न करायचो. कुणाकडे गुपित आहे म्हटलं की मला राहवत नाही.

"वहिनी, नुसतं एवढंच सांगा, फुलाचा रंग हाय का फळाचा?"

"भाऊजी, चहा घ्या."

"बरं, माझ्या सदऱ्याला जुळतो का?"

"तुमच्या सदऱ्याला काय बी जुळत न्हाई. साखर कमी हाय का बघा."

मास्तर आतून हसायचा. वीस वर्षांत त्या घरातून एक रंग बाहेर आला नाही.

मग मास्तरच्या किडन्या गेल्या. वाईट बातमी अशीच एका ओळीत येते, तिला नाट्य नसतं. आठवड्यातून दोनदा नांदेडला जायचं, चार तास यंत्राला लागून पडायचं आणि परत यायचं. जाताना-येताना गाडीत सोबत मी. अर्ज थांबू शकतात, हिंगोली जिल्ह्यातले बांध कुठे पळून जात नाहीत.

सुरुवातीला कबूल केलेला खून ज्या कादंबरीत आहे, ती मी मास्तरसाठी लिहायला घेतली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी ती लिहायला घेतली प्रसिद्धीसाठी. धावण्याच्या शर्यतीत खून, असं आपल्याकडे कोणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नव्हतं, आणि शर्यत मला आतून-बाहेरून माहीत होती. मास्तर हा मला आयता सापडलेला श्रोता. जाऊन-येऊन पाच तासांचा प्रवास, चार तासांचं यंत्र, आणि तो उठून जाऊ शकत नव्हता. लेखकाला आणखी काय हवं असतं?

आता खून उघडच झाला आहे, तर उरलेलंही सांगून टाकतो. माझ्या कादंबरीतला खुनी एक हसतमुख कापड दुकानदार आहे. कादंबरीत फितीचं कापड एकाच रंगाचं घेतात आणि ते त्याच्याच दुकानातून जातं, म्हणून त्याला रंग आधीच कळतो. तो घरी स्वतःची फीत शिवतो, वळणापर्यंत जातच नाही, तुरीत बसून राहतो, पुढे पळणारा परत येताना दिसला की त्याच्या बाजूने धावू लागतो आणि बाटली पुढे करतो. याची खूण मी पहिल्याच प्रकरणात पेरली होती. ते प्रकरण शर्यतीच्या शेवटापासून सुरू होतं. मांडव, गर्दी, हलगी, आणि गर्दीतला कापडवाला डाव्या हाताने कपाळाचा घाम पुसतो, तेव्हा त्याच्या मनगटावरची पिवळी फीत उन्हात चमकते. डाव्या. बस, एवढा एक शब्द. मी तो हलगीच्या आवाजात असा पुरला होता, की शोधणाऱ्याला कुदळ लागावी.

ती ओळ मी मास्तरला नांदेडला जाताना, कळमनुरीच्या अलीकडे वाचून दाखवली. मुद्दाम सपाट आवाजात, घाईघाईने, पाढे म्हणावेत तशी. तिरक्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बाजाराला निघालेले बैल बघत होता.

"पाणी दे," तो म्हणाला. त्याला मोजूनच पाणी होतं. दोन घोट घेऊन त्याने बाटली परत दिली. "वाच पुढं. काहून थांबला?"

मी जिंकलो होतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात स्वतःला माईकवरून हार घातला.

आणि तिथेच आमचा करार झाला. परतताना त्याने विचारलं, "खून कोणं केला?"

"यंदाचा रंग कोणता?"

"ते न्हाई सांगणार."

"मग मी बी न्हाई."

"लेका, मी आजारी माणूस हाय."

"आजारी माणसानं रंग सांगावा, मन हलकं होतं."

ड्रायव्हरसुद्धा हसला.

दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंत हेच चाललं. वॉर्डात सहा पलंग होते आणि माझा आवाज सहा पलंगांना पुरून उरेल असाच आहे. मास्तरच्या शेजारी एक रिटायर कंडक्टर असायचा. दारावरची नर्स कामाच्या निमित्ताने प्रकरण संपेपर्यंत तिथेच घुटमळायची. सगळ्यांचे संशय ठरलेले. नर्स म्हणायची, मयताच्या बायकोनेच केलं असणार. मास्तर दर खेपेला नवा खुनी काढायचा. आधी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, मग आयोजक, मग चहावाला. एकदा तर म्हणाला, माईकवर बडबड करणारा तो निवेदक.

"त्याच्याकडं कारण काय?" मी विचारलं.

"कारण कायले लागतं? इतकं बोलणारा माणूस काय बी करंल."

वॉर्ड खदखदून हसला. मीही हसलो, पण आतून किती सुखावलो काय सांगू. इतका हुशार माणूस, वीस वर्षं वळणावर उभा राहिलेला, आणि माझ्या धाग्याचं टोक त्याला सापडत नव्हतं.

एका दुपारी मात्र कंडक्टर डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला, "मला त्या कापडवाल्याचा वास येऊन राहिला."

मी घाईने वहीचं पान उलटलं. चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न केला, पण माझा चेहरा या बाबतीत मला कधीच साथ देत नाही. तेवढ्यात मास्तर यंत्राच्या नळ्यांसकट कुशीवर वळला आणि त्याच्यावर तुटून पडला. "कापडवाल्याले काय पडलंय? भला माणूस तो, लोकाले पाणी पाजून राहिला. तुमी जिंदगीभर तिकिटं फाडले, तेवढंच करा." कंडक्टरने बराबर ऐकून घेतलं आणि संशय चहावाल्यावर वळवला. मी सुटलो. मास्तरच्या भाबडेपणाने मला वाचवलं, असं मी त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं. तीही हसली.

पौषात मास्तर ढासळला. आधी मनगटं बारीक झाली, मग आवाज. नांदेडहून परत पाठवायला डॉक्टर तयार होईनात, तेव्हा तो तिथेच राहिला, आणि मी एस.टी.ने जाऊ-येऊ लागलो. वही सोबत असायची, पण तो ऐकता ऐकता झोपी जायचा. शेवटचं प्रकरण लिहून तयार होतं. ते मी एका जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं होतं, न जाणो त्याची नजर पडायची.

शर्यतीला बारा-तेरा दिवस राहिले होते. सकाळची वेळ, वहिनी खाली औषधं आणायला गेलेल्या. मी त्याच्या पायाशी बसून मोसंबी सोलत होतो.

"जांभळा," तो म्हणाला.

"काय जांभळा?"

"यंदाचा रंग."

मोसंबी माझ्या हातातच राहिली. मी विचारलं नव्हतं. वीस वर्षं मी ज्या शब्दासाठी चहावर चहा प्यायलो, तो शब्द त्याने न विचारता दिला, आणि तो मला नको होता. रंग सांगितला म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ज्याला वळणावर उभं राहायचं आहे तो रंग सांगत नाही.

"आता तू सांग," तो म्हणाला. "कोण?"

मी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. कापड दुकानदार. पिशवी माझ्या मांडीवर होती, पूर्ण प्रकरणही वाचून झालं असतं. पण सांगितलं तर मी त्याच्याशी सहमत झालो असतो, असं मला वाटलं. अर्ज मंजूर केल्यासारखं. म्हणून मी माझा मांडवातला आवाज काढला आणि म्हणालो, "शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी. यंदा तू वळणावर न्हाई बसणार. माझ्या शेजारी, मांडवात, खुर्ची टाकून. आधी खरा शेवट बघायचा, मग माझा ऐकायचा. उप्पीट पण गरम भेटंल."

"अन् वळणावर कोण?"

"ठेवू कोणालातरी."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग हसला. ओठ सुकलेले होते, हसताना त्याला तकलीफ झाली असणार. "ज्याला ठेवशील त्याला सांग," तो म्हणाला, "फीत उजव्या हातात जाती. तुला सांगायची गरज न्हाई म्हणा. तुला बराबर माहीत हाय."

"माहीत हाय की," मी म्हणालो आणि मोसंबीची फोड त्याच्या तोंडात दिली.

तो शर्यतीच्या आठ दिवस आधी गेला. घरी आणलं, भंतेजी आले, सगळ्यांनी पंचशील म्हटलं. तांड्यावरची, वस्तीवरची, शिरड शहापूरपासूनची पोरं आली होती. कित्येकांच्या अंगावर आता खाकी वर्दी होती. मला कोणीतरी दोन शब्द बोला म्हणालं. मी उभा राहिलो आणि दोन शब्दसुद्धा आले नाहीत. ज्या तोंडाने मी हळदीच्या व्यापाऱ्याला पुतळा केला, ते तोंड तिथे नुसतं उघडं राहिलं. शेवटी कोणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं.

आयोजक वहिनींना विचारायला गेले, शर्यत पुढे ढकलायची का. वहिनी म्हणाल्या, "फिती शिवून झाल्यात." आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. जांभळ्या. शर्यतीच्या पहाटे उघडली तेव्हा नव्या कापडाचा वास आला.

त्या वर्षी मी माईक दुसऱ्याला दिला आणि वळणावर गेलो. ड्रम ठेवला, शेजारी उभा राहिलो. थंडी होती. शेतात कापलेल्या तुरीचे ढीग लागले होते. मांडवात आवाज असतो, इथे काहीच नसतं. मग दुरून पावलं ऐकू येतात, आधी एकाची, मग पुष्कळांची, आणि माणसं तुमच्याकडे येतात आणि तुमच्यापासून निघून जातात. पहिली फीत माझ्या हातून पडली. दुसऱ्या पोराला मी थांबवलंच. दहाव्या-बाराव्यापर्यंत जरा जमू लागलं. हात आपोआप यायचा, उजवा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की डाव्या हातात फीत घालायची म्हटली तर मला रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागेल. ज्याने एकदा जरी इथे उभं राहून पाहिलंय त्याला ते 'डाव्या' खड्यासारखं टोचायला हवं होतं. मग मास्तरला कसं नाही टोचलं? वाटलं, आजारपण. मन थाऱ्यावर नसेल. तो बैल बघत होता. वाटलं, त्या दिवशी हळू वाचायला हवं होतं.

सगळ्यांच्या शेवटी एक बाई आल्या, चाळिशीच्या पुढच्या, पंजाबी ड्रेस आणि पायात साध्या चपला. त्यांना काही माहीत नसावं. दमल्या होत्या तरी इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "सर कुठं गेले? मागच्या साली मी लई मागं होते तरी थांबले होते." मी त्यांच्या हातात फीत सरकवली आणि पुढचा रस्ता दाखवला. त्या दिसेनाशा झाल्यावर मी ड्रमाला टेकून थोडा वेळ रडलो. तिथे पाहणारं कोणी नव्हतं, हे मास्तरच्या जागेचं एक सुख.

संध्याकाळ झाल्यावर उरलेल्या फिती परत द्यायला गेलो. शब्द दिला होता, म्हणून वहीही नेली. वहिनी दारात मशीनजवळ बसल्या होत्या. चहा दिला. भिंतीवरच्या फोटोसमोर दिवा होता.

"आज त्याला शेवट सांगणार होतो," मी म्हणालो. "वाचू का?"

"वाचा की," त्या म्हणाल्या. पिशवी ओढून घेतली आणि उरलेल्या फिती उसवायला लागल्या. इलॅस्टिक पुढच्या वर्षी कामी येतं.

मी फोटोसमोर बसून वाचायला लागलो. आधी आवाज फुटेना, मग फुटला, मग माझा स्वभाव माझ्या कामी आला. तपास करणाऱ्या फौजदारीण बाईंचा करडा आवाज काढला, कापड दुकानदाराचं गोड हसणं काढलं. त्या त्याच्या दुकानात येतात, शर्यतीच्या दिवसाचा फोटो गादीवर ठेवतात, आणि त्याला म्हणतात, "शेठ, जरा तुमचा डावा हात पुढे करा."

इथे मी थांबलो. सवयीने. गर्दीचा श्वास अडकावा म्हणून मी नेहमी थांबतो तसाच. खोलीत फक्त शिवण उसवल्याचा बारीक आवाज येत होता. आणि वहिनी, फितीवरून नजरही न उचलता, बोलून गेल्या:

"कापडवाला हाय हे तर त्यांनी मला पयल्याच दिवशी सांगितलं होतं, भाऊजी, अन् म्हणले, त्याला कळू देऊ नको, लेकरावानी खूश होऊन वाचून राहिला तो."